बँक बुडाल्यावर ठेवीचे काय होते: पेण-रोहा पट्ट्याचा इतिहास

खांब हे रोहा तालुक्यातले गाव मुंबई-गोवा महामार्गावर, नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यान आहे. भातशेती, धाटाव औद्योगिक वसाहतीतली किंवा नागोठण्याच्या कारखान्यातली नोकरी, मुंबईला गेलेल्या मुलाने पाठवलेला पैसा आणि रस्त्याकडेची दुकानदारी यांवर या भागातली घरे चालतात. चार पैसे शिल्लक पडले की ते ठेवायला सोन्याखेरीज तीन जागा असतात: पोस्ट, बँक आणि पतसंस्था. पासबुक तिन्हीकडे मिळते, व्याजही मिळते. पण उद्या संस्थाच बुडाली तर पैशाचे काय, याचे उत्तर तिन्हीकडे निराळे आहे. पोस्टातल्या ठेवीमागे केंद्र सरकारची हमी आहे. बँकेतल्या ठेवीला एका बँकेत माणशी ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला यांपैकी काहीच नाही. हा फरक कोणी एका बैठकीत ठरवलेला नाही. दीडशे वर्षांत एकेक बँक बुडत गेली आणि तिच्यामागून एकेक नियम येत गेला. त्यातला एक नियम यायला फार उशीर झाला आणि त्याची किंमत पेणच्या लोकांनी मोजली.

रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाई. पेणचे अंतोरे बंदर आणि रोह्याची अष्टमी येथून भात गलबतांनी मुंबईला जाई. शेतकऱ्याची बचत म्हणजे कणगीतले भात आणि बायकोच्या अंगावरचे सोने. रोख रक्कम असलीच तर ती सावकाराच्या किंवा व्यापाऱ्याच्या चोपडीत जमा असे. त्या नोंदीमागे कायद्याचे बळ थोडे आणि माणसाच्या शब्दाचे जास्त होते. १८८२ साली पोस्टाची बचत बँक देशभर सुरू झाली आणि सामान्य माणसाला अशी जागा मिळाली जिच्यामागे खुद्द सरकार उभे होते.

याच्या उलट अनुभव मुंबईने त्याआधीच घेतला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, मुंबईत शेअरांचा सट्टा उसळला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. सरकारचे भागभांडवल असलेली बँक ऑफ बॉम्बे त्या सट्ट्यातल्या कर्जांखाली दबून १८६८ मध्ये गुंडाळावी लागली आणि तिच्या जागी त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. १९१३ मध्ये इंडियन स्पेसी बँक कोसळली. सट्टा हेच कारण, या वेळी चांदीचा. ठेवीदारांसाठी तेव्हा वेगळी तरतूद काहीच नव्हती. बँकेची मालमत्ता विकून जे हाती येईल त्यातला वाटा घ्यायचा, एवढाच मार्ग होता.

तालुक्याच्या गावांत मात्र बँक आली ती सहकाराच्या रूपाने. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ मध्ये बडोद्यात अन्योन्य सहकारी मंडळी काढली, तेव्हा सहकाराचा कायदाही झालेला नव्हता. तो १९०४ मध्ये झाला आणि पुढच्या तीन-चार दशकांत महाराष्ट्रातल्या गावोगावी नागरी सहकारी बँका उभ्या राहिल्या. व्यापारी, शिक्षक, वकील, कारागीर यांनी थोडेथोडे भाग घ्यायचे, आपल्यातलेच संचालक निवडायचे आणि कर्जही आपल्यातल्याच ओळखीच्या माणसाला द्यायचे, अशी ही रचना. कर्जदार कोण, त्याची शेती किती, दुकान चालते की नाही, हे संचालकाला घरबसल्या ठाऊक असे. लहान बँकेत ही ओळख कोणत्याही तारणापेक्षा मोलाची होती. बँक वाढून शाखा झाल्या, ठेवी कोटींवर गेल्या, की तीच ओळख उलटी फिरू शकते. संचालक आपल्याच माणसांना कर्ज देऊ लागतात आणि त्यांना अडवणारेही त्यांचेच ओळखीचे असतात.

पुढे बँकांवर देखरेख करणारी रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. तिचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख याच मातीतले: जन्म महाडजवळच्या नाते गावचा, बालपणाचा काळ रोह्यातला. ते १९४३ ते १९४९ गव्हर्नर होते आणि त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, मार्च १९४९ मध्ये, बँकिंग कंपन्यांचा कायदा अमलात आला. बँक काढायला परवाना, तपासणी, रोख राखीव निधी, हे सारे त्या कायद्यात होते. बंगालमध्ये १९४८ मध्ये बँका कोसळल्या होत्या आणि ठेवींचा विमा काढावा ही कल्पना तेव्हाच पुढे आली होती. १९५० च्या ग्रामीण बँकिंग चौकशी समितीने तिला अनुकूलता दाखवली, १९५४ मध्ये ए. डी. श्रॉफ यांच्या समितीने शिफारस केली. तरी सहा वर्षे काही झाले नाही.

मग १९६० मध्ये दोन बँका कोसळल्या. केरळातल्या पलाई सेंट्रल बँकेचे नाव सर्वत्र घेतले जाते. दुसरी, लक्ष्मी बँक, अकोल्याची होती, हे महाराष्ट्रातच फारसे कोणाच्या लक्षात नाही. या दोन बुडण्यांनी देशभर ठेवीदार धास्तावले. त्यानंतर अडलेल्या बँकेवर स्थगिती आणून ती दुसऱ्या बँकेत सक्तीने विलीन करण्याचे अधिकार सरकारला मिळाले आणि ऑगस्ट १९६१ मध्ये ठेव विमा महामंडळाचे विधेयक संसदेत आले. १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. अमेरिकेने १९३० च्या दशकातल्या बँकबुडीनंतर असा विमा आणला होता; राष्ट्रीय पातळीवर तो आणणाऱ्या अगदी पहिल्या देशांत भारत होता.

मर्यादा होती माणशी १,५०० रुपये. आज ती रक्कम क्षुल्लक दिसते, पण त्या वेळी जवळजवळ ७८ टक्के खाती तीत पूर्णपणे बसत होती. विम्याचा हप्ता दर १०० रुपये ठेवीमागे वर्षाला ५ पैसे ठरला आणि तो बँकेने भरायचा, ठेवीदाराकडून वसूल करायचा नाही. हे तत्त्व आजही तसेच आहे. हप्ता तेवढा १२ पैशांपर्यंत वाढला. मर्यादाही वाढत गेली: १९६८ मध्ये ५,०००, १९७० मध्ये १०,०००, १९७६ मध्ये २०,००० आणि १९८० मध्ये ३०,००० रुपये. १९७८ मध्ये महामंडळाला कर्जहमीचे काम जोडले गेले आणि आजचे 'ठेव विमा व पतहमी महामंडळ' तयार झाले.

सुरुवातीचा विमा व्यापारी बँकांपुरताच होता. पेण, रोहा, महाड, अलिबाग अशा गावांतल्या बचतीचा मोठा भाग सहकारी बँकांत, आणि त्या विम्याबाहेर. १ मार्च १९६६ पासून बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांना लागू झाला, १९६८ च्या दुरुस्तीने विम्याचे दार त्यांना उघडले आणि राज्याच्या कायद्यात बदल झाल्यावर महाराष्ट्रातल्या सहकारी बँका आत आल्या. मात्र या व्यवस्थेत एक कायमची गाठ राहिली. बँकेचा पैशाचा व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत, तर संचालक मंडळ, निवडणूक, लेखापरीक्षण आणि अवसायन, म्हणजे बुडालेली बँक गुंडाळणे, राज्याच्या सहकार खात्याकडे. दोन मालक असलेल्या या नियंत्रणात दोष दिसला तरी हात कोणी घालायचा, यातच महिने जात. २०२० च्या कायदादुरुस्तीने रिझर्व्ह बँकेला सहकारी बँकांवर बरेच जादा अधिकार मिळाले. त्याआधीची पन्नासहून अधिक वर्षे हाच कारभार चालला.

१९९२ च्या शेअर घोटाळ्यात बँक ऑफ कराड बुडाली, तेव्हा विम्याची मर्यादा अजून ३० हजारच होती. १ मे १९९३ पासून ती १ लाख झाली आणि मग तिथेच थांबली, तब्बल २७ वर्षे. या काळात पगार, जमिनीचे भाव, मुलांच्या शिक्षणाचा खर्च, सारे कैक पटींनी वाढले. १९९३ मध्ये १ लाख ही मध्यमवर्गीय कुटुंबाची मोठी पुंजी होती. २०१० मध्ये निवृत्त शिक्षकाच्या हाती येणारी रक्कम त्याच्या अनेक पट होती. मर्यादा न वाढवण्याचे समर्थन करता येण्याजोगे कोणतेही कारण दिसत नाही.

याच २७ वर्षांत पेणचा आघात झाला.

पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती. गावात आणि आसपास, हमरापूर-जोह्यापर्यंत, मूर्तींचे कारखाने आहेत. या धंद्याचे आर्थिक वर्ष गणेशोत्सवाशी बांधलेले असते: माती, रंग, मजुरी यांवर वर्षभर खर्च आणि उत्पन्न बहुतांशी श्रावण-भाद्रपदात. मधल्या काळात पैसा बँकेत राहतो. पोहे-पापडाचे उद्योग, भाताचे व्यापारी, मिठागरांवर राबणारे लोक, कारखान्यांसाठी जमिनी गेलेले शेतकरी, निवृत्त नोकर, या सगळ्यांची पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँक ही घरची बँक होती. सप्टेंबर २०१० च्या उत्तरार्धात, गणेशोत्सव सरता सरता, रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध लादले आणि व्यवहार थांबले. मूर्तिकारांच्या हाती वर्षाची कमाई ज्या महिन्यात येते, तोच हा महिना.

ठेवीदारांची संख्या दोन लाखांच्या आसपास आणि घोटाळ्याची रक्कम ६०० कोटींच्या घरात सांगितली गेली. बनावट कर्जखाती उघडून पैसा बाहेर काढला गेला, हिशेबात ती कर्जे खरी दाखवली गेली आणि त्या पैशातून जमिनी घेतल्या गेल्या, असा आरोप तपासात पुढे आला. संचालक आणि अधिकाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, अंमलबजावणी संचालनालयाने मालमत्तांवर टाच आणली. ठेवीदारांनी संघर्ष समिती स्थापन केली, मोर्चे काढले, धरणे धरले, उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. गावातली म्हातारी माणसे औषधापुरते तरी पैसे द्या म्हणून बँकेच्या पायऱ्या झिजवत राहिली.

येथे एक साधा प्रश्न उभा राहतो आणि या इतिहासाचा गाभा त्यातच आहे. ज्याची ठेव ८० हजार रुपये होती त्याची संपूर्ण रक्कम १ लाखाच्या विम्यात बसत होती. मग त्याला ती लगेच का मिळाली नाही?

कारण विमा कशावर होता, हे कायद्यात बारकाईने लिहिलेले होते. बँकेचा परवाना रद्द होऊन ती अवसायनात निघाली, किंवा तिचे विलीनीकरण वा पुनर्रचना झाली, तरच महामंडळ पैसे देणार. अवसायकाने ठेवीदारांची यादी तीन महिन्यांत द्यायची आणि ती मिळाल्यावर महामंडळाने दोन महिन्यांत पैसे द्यायचे, अशी मुदत होती. पण ते घड्याळ अवसायनापासून सुरू होई. निर्बंधांखालची बँक अवसायनात नसते. ती चालूही नसते आणि बंदही नसते. निर्बंध सहा-सहा महिन्यांनी वाढवता येत आणि तोवर विमा लागूच होत नसे. त्यातून ठेवीदारांतही नकळत दोन गट पडत. लाखाच्या आतल्या ठेवीदाराला बँक लवकर अवसायनात निघणे सोयीचे, कारण त्याला पूर्ण रक्कम मिळणार. मोठ्या ठेवीदाराला बँक कशीही जिवंत राहणे आणि घोटाळ्यातली मालमत्ता वसूल होणे हवे, कारण अवसायनात त्याची लाखावरची रक्कम जवळजवळ गेल्यात जमा. एकाच घरात बापाची ठेव ४ लाखांची आणि सुनेची ४० हजारांची असेल, तर दोघांचे हित परस्परविरोधी.

मालमत्ता वसूल करण्याचा मार्गही लांबचा. टाच आलेली जमीन ताबडतोब विकता येत नाही. ती कोणाच्या नावावर आहे, सातबाऱ्यावर इतर हक्क कोणाचे आहेत, आरोप सिद्ध झाला का, या सगळ्यांतून गेल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लिलाव. रायगडच्या जमिनींचे भाव वाढते असल्याने कागदावर किंमत मोठी दिसते, पण कागदावरच्या किमतीने मूर्तिकाराला माती विकत घेता येत नाही. दरम्यान वर्षे जातात, आणि ती वर्षे वयस्क ठेवीदाराच्या आयुष्यातली असतात.

पेणची हाक दिल्लीपर्यंत पोहोचली नाही. कायदा हलला तो मुंबईत गडबड झाल्यावर. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. एचडीआयएल या बांधकाम समूहाची बुडीत कर्जे लपवण्यात आली होती. सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. राजधानीतल्या वाहिन्यांवर रोज ठेवीदार दिसू लागले. फेब्रुवारी २०२० मध्ये विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली. त्याहून महत्त्वाचा बदल १ सप्टेंबर २०२१ पासून आला: बँकेवर सर्वसमावेशक निर्बंध लादले की अवसायनाची वाट न पाहता ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांचे दावे पाठवायचे, पुढच्या ४५ दिवसांत महामंडळाने तपासून पैसे द्यायचे. बँक सावरण्याची शक्यता असेल तर ही मुदत आणखी ९० दिवस लांबवता येते. पेणच्या ८० हजारवाल्याला त्याच्या अकरा वर्षे आधी हवा होता तो हाच नियम.

या नव्या नियमाखाली सुरुवातीला ज्या २१ बँका आल्या त्यांतल्या निम्म्याहून अधिक महाराष्ट्रातल्या होत्या. पुण्याची रुपी बँक फेब्रुवारी २०१३ पासून निर्बंधांत होती. तिच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीदारांना मिळून सुमारे ७०० कोटी रुपये या मार्गाने मिळाले आणि परवाना त्यानंतर, २०२२ मध्ये, रद्द झाला. रायगडातच पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द झाला. तिथेही बनावट कर्जांचा आरोप होता, पण मर्यादा आता ५ लाखांची होती आणि ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल असे रिझर्व्ह बँकेने त्याच वेळी जाहीर केले. एकाच जिल्ह्यातल्या, तासाभराच्या अंतरावरच्या दोन गावांच्या नशिबातला फरक केवळ तारखांचा होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सारस्वत बँकेत विलीन झाली.

मोठ्या व्यापारी बँका अशा रीतीने बुडू दिल्या जात नाहीत. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर सप्टेंबर २००६ मध्ये स्थगिती आली आणि महिनाभरात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. येस बँकेच्या खातेदारांचे पैसे मार्च २०२० मध्ये दोन आठवड्यांच्या आत मोकळे झाले. म्हणूनच महामंडळाने अलीकडच्या काळात दिलेल्या दाव्यांत सहकारी बँकांचाच वाटा मोठा आहे. आणि तरीही आपल्या विश्वासाची बँक म्हणून तालुक्यातला माणूस सहकारी बँकेकडेच जातो. कर्ज तिथे मिळते, बोलणारे माणूस तिथे भेटते.

आज ५ लाखांचा हिशेब कसा होतो, हे खांबमधल्या एखाद्या कुटुंबाच्या उदाहरणाने कळेल. नवऱ्याच्या नावावर एका बँकेच्या रोहा शाखेत ३ लाखांची मुदत ठेव आणि त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत अडीच लाख असतील, तर दोन्ही एकत्र मोजून ५ लाखच मिळतील; उरलेल्या ५० हजारांना विमा नाही. हेच अडीच लाख दुसऱ्या बँकेत असते तर पूर्ण सुरक्षित राहिले असते. व्याजही याच मर्यादेत धरले जाते: ४ लाख ९० हजार मुद्दल आणि २० हजार व्याज असेल, तर १० हजार बाहेर पडतात. नवरा-बायकोचे संयुक्त खाते हे दोघांच्या वैयक्तिक खात्यांपासून वेगळे मानले जाते, आणि संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला तर तेही वेगळे. त्याच बँकेचे कर्ज थकले असेल तर ते वजा करून उरलेली रक्कम हाती येते. ५ लाखांवरची रक्कम अवसायकाने मालमत्ता विकून उभ्या केलेल्या पैशातून मिळते, आणि त्या पैशावर महामंडळाचाही हक्क असतो, कारण त्याने ठेवीदारांना दिलेली रक्कम अवसायकाने त्याला परत करायची असते.

देशभरच्या खात्यांचा विचार केला तर मार्च २०२४ अखेर सुमारे ९८ टक्के खाती ५ लाखांच्या आत पूर्ण सुरक्षित होती. रकमेच्या हिशेबाने मात्र विम्याखाली आलेला भाग ४३ टक्क्यांच्या आसपास होता. दावे देण्यासाठी महामंडळाकडे सुमारे २ लाख कोटी रुपयांचा निधी जमलेला होता. नीट चालणारी आणि ढासळती बँक दोघींनीही एकाच दराने हप्ता भरायचा, ही पद्धत १९६२ पासून होती. २०२६-२७ या आर्थिक वर्षापासून बँकेची जोखीम पाहून हप्ता ठरवण्याचे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले आहे.

जिल्हा मध्यवर्ती बँक या विम्यात आहे, गावची विविध कार्यकारी सोसायटी नाही. पतसंस्था, मग ती कितीही मोठी असो आणि तिच्या पाटीवर काहीही रंगवलेले असो, विम्याबाहेर आहे. अनेक राज्यांत शाखा असलेल्या मल्टिस्टेट पतसंस्थाही तशाच. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेच्या ठेवीदारांना हे फार कडू रीतीने कळले. तिथे आधार उरतो तो १९९९ च्या महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायद्याचा. त्या कायद्याने संस्थाचालकांची मालमत्ता जप्त करून विकता येते आणि ती रक्कम ठेवीदारांत वाटता येते. म्हणजे वसुलीचा तोच लांबचा मार्ग, ज्यावरून पेणचे लोक चालत आले. फक्त मध्ये ९० दिवसांत पैसे देणारे महामंडळ नाही. पतसंस्था दारात येऊन रोजची रक्कम गोळा करते, व्याज बँकेपेक्षा जास्त देते आणि कर्जासाठी फार कागद मागत नाही. खांब, कोलाड, नागोठणे या पट्ट्यातल्या दुकानदाराचे आणि बचतगटाचे पैसे तिथेही जातात, आणि या दीडशे वर्षांत झालेल्या कोणत्याही कायद्याने त्या पैशाला अजून विमा दिलेला नाही.